कॅन्टीनचा माल

सांगलीत नांदायला येऊन मला चाळीस वर्षं होऊन गेली. या घरात मी दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं शेवटचं दुखणं काढलं, दोनदा पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा डोक्यावरून गाद्या वाहिल्या. तरीही कुठं लग्नकार्य निघालं की माझी चुलत जाऊ नव्या सुनांना माझी ओळख करून देताना आजही म्हणते, "आणि ह्या आपल्या कॅन्टीनवाल्या काकू." सून बिचारी विचारते, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होता का? मग जाऊ तोंडाला पदर लावून जे हसते ना, ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी काही बोलत नाही. चाळीस वर्षं बोलले नाही. आता तिचंही वय झालं आणि माझंही, म्हणून एकदा काय ते लिहून मोकळी होते.

आमचं गाव उंब्रजपासून आत, चालत तासाभराचं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, फौजेतून हवालदार होऊन घरी आले तेव्हा मी सहावीत असेन. तोवर आबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. ते कायमचे आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर. ती ट्रंक कुठं ठेवायची यावरून पहिल्याच दिवशी घरात वाद झाला. घर माझ्या थोरल्या चुलत्याचं, अण्णांचं होतं, म्हणजे कागदावर दोघा भावांचं, पण चालायचं अण्णांचं. अण्णा म्हणाले, सोप्यात नको, येणारा-जाणारा बघतो. शेवटी ट्रंक गोठ्याच्या शेजारच्या खोलीत गेली आणि आम्हीही तिच्यामागून तिथंच गेलो.

आबांना शेतातलं काही येत नव्हतं असं नाही, पण अठरा वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला गाव शेतकरी मानत नाही. पाण्याची पाळी कधी, बैल कुठला विकायचा, उसाची लागण कुठल्या रानात, आबांनी तोंड उघडलं की अण्णा म्हणायचे, "तू ऱ्हाऊ दे. तुला काय कळतंय त्यातलं? तू आपली परेड कर जा." आणि बसलेली चार माणसं हसायची. आबाही हसल्यासारखं करायचे. ते पहाटे उठून अंगण झाडायचे, अंथरुणाची चौकोनी घडी घालायचे, पितळेच्या तांब्यात निखारे घालून आपल्या शर्टाला इस्त्री करायचे. त्या इस्त्रीच्या शर्टानं कुठं जायचं, तर गोठ्यात. माझी आई चुलीपुढं बसून हे बघायची आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. ती थाप ऐकली की मला कळायचं, आज आईचा राग कुणावर आहे.

महिन्यातला एकच दिवस आबांचा असायचा. त्या दिवशी आम्ही साताऱ्याला मिलिटरीच्या कॅन्टीनला जायचो. आदल्या दोन दिवसांपासून आमच्या त्या गोठ्याशेजारच्या खोलीला देवळाची कळा यायची, इतकी माणसं यायची. एरवी आबांना कुणी "बस" म्हणत नव्हतं. पण कॅन्टीनच्या आधी सगळ्यांना हवालदार आठवायचा. "आवं भावजी, अंगाच्या साबणाच्या सहा वड्या आणा, लेक बाळंतपणाला आलीया." "सुमे, तुज्या आबाला सांग गं, तेवढी केसाच्या त्येलाची बाटली." मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर याद्या लिहायची. आणि पुरुषांची यादी लिहायला लागायचीच नाही, कारण ती एकच होती. रम. हवालदाराला दर महिन्याला ठरलेल्या बाटल्या मिळायच्या. आमचे आबा आयुष्यात दारूला शिवले नाहीत. फौजेतही आपल्या वाट्याची ते दुसऱ्याला द्यायचे. पण गावाकडं कॅन्टीनची बाटली म्हणजे नुसती दारू नव्हे, ती कामं करून देते. तलाठ्याला एक, ऊसतोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला एक, दवाखान्यातल्या कंपाउंडरला एक. त्या वाटायचं काम अण्णांकडं होतं. बाटली आबांची आणि उपकार अण्णांचे. हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं आणि अजूनही संताप होतो.

पण त्या दिवसाची गोडी मी नाकारणार नाही. खोटं कशाला बोलू? आई पहाटेच ज्वारीच्या भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधून द्यायची. उंब्रजला चालत जाऊन आम्ही सातारची एसटी धरायचो. स्टँडवर उतरलं की आबांची चाल बदलायची. पाय मोजून टाकल्यासारखे पडायचे आणि मला मागं पळावं लागायचं. कॅन्टीनच्या फाटकावर पहारेकरी असायचा. तो आबांना बघून टाच जुळवायचा आणि म्हणायचा, "राम राम हवालदारसाब!" मग आत चिंचेखाली जमलेल्या माणसांतून हाका यायच्या. कुणी हिंदीत, कुणी आमच्या बोलीत. "आरं ये की गड्या, कवाधरनं वाट बघतुया." आबा हसायचे तेव्हा त्यांच्या वरच्या दाढेवरची सोन्याची टोपी दिसायची. घरात मला ती कधी दिसली नाही. ती बघायला म्हणून मी त्यांच्याबरोबर जायची, असं म्हटलं तरी चालेल.

आत गेलं की पहिल्यांदा वास यायचा. साबणाचा, बुटाच्या पॉलिशचा, नव्या सुटकेसच्या रेक्झिनचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मांडणीवर एका रांगेत डबे, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. आबा एखादी वस्तू उचलून नीट बघायचे आणि तशीच सरळ परत ठेवायचे. एकदा त्यांनी मला साबणाची वडी हातात दिली आणि म्हणाले, "वाच." वेष्टणावर बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ छापलेली होती. मी अडखळत वाचली. ते म्हणाले, "म्हंजी काय, म्हाईत हाय? ह्यो माल फकस्त फौजेतल्या मान्सांसाठी. बाजारातल्या साबनावर ही वळ नसती. सावकाराकडं कितीबी पैका असू दे, त्येला ह्यो साबन मिळायचा न्हाई." माझ्या आयुष्यात समजून वाचलेलं पहिलं इंग्रजी वाक्य ते. परतताना चिंचेखालच्या गाड्यावर चहा आणि कांदाभजी व्हायची, आईसाठी एक पुडी बांधून घ्यायची, आणि एसटीत मी पिशवीत नाक घालून झोपून जायची.

आता माझ्या भावाचा मुलगा फौजेत आहे. परवा आला तेव्हा त्यानं प्लॅस्टिकचं कार्ड दाखवलं, म्हणाला, आत्या, तुला काय आणू? मी म्हटलं, काही नको बाबा. तो म्हणाला, आता तर मॉलमध्येच सगळं स्वस्त मिळतं, कॅन्टीनला जातंय कोण. मला त्याचा राग आला. का आला ते त्याला सांगता येईना, म्हणून मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

बारावी झाल्यावर माझं पुढं काय, हा प्रश्न अण्णांच्या मते प्रश्नच नव्हता. लग्न. पण कॅन्टीनचे मॅनेजर, एक निवृत्त सुभेदारसाहेब, यांना रजिस्टर लिहायला चांगल्या अक्षराची मुलगी हवी होती, आणि फौजी माणसाच्या मुलीला पहिला मान होता. आबांनी घरी सांगितलं तेव्हा अण्णांचा घास हातातच राहिला. "घरातली पोरगी दारूच्या दुकानात बसवतुस व्हय रं?" आबा म्हणाले, "ती रजिस्टर लिवणार हाय." एवढंच. पण अण्णांना त्यांनी पहिल्यांदाच उत्तर दिलं होतं. त्या रात्री आईनं भाकरी थापली ती अगदी हलक्या हातानं.

तीन वर्षं मी ते काम केलं. माझं टेबल दारातून आत आलं की डाव्या हाताला. माणूस यायचा, कार्ड द्यायचा, मी कार्डावरचा फोटो बघायची, तोंड बघायची, रजिस्टरात नाव काढून त्या महिन्यापुढं खूण करायची आणि शिक्का मारायची. मग तो आत जायचा. कुणी आजारी असेल, म्हातारा असेल, तर शेजाऱ्याच्या हाती कार्ड आणि सहीची चिठ्ठी पाठवायची, तेवढी सवलत सुभेदारसाहेबांनी ठेवली होती. आम्ही तिघी मुली होतो. दुपारी गर्दी ओसरली की नव्या आलेल्या पावडरी उघडून वास घ्यायचो, सुभेदारसाहेबांच्या बोलण्याची नक्कल करायचो, आणि डबे एकत्र करून खायचो. आबा महिन्याला रांगेत उभे राहून माझ्यापुढं यायचे आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "राम राम मॅडम." सगळी रांग हसायची. मीही गंभीर चेहरा करून म्हणायची, "कार्ड दाखवा, हवालदारसाहेब." ती सोन्याची दाढ तेव्हा किती चमकायची!

त्या कामातला एक नियम मात्र सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. कार्डवाला माणूस वारला की घरच्यांनी कार्ड आणून जमा करायचं. मग त्याच्या नावापुढं लाल शाईनं 'मयत' लिहायचं आणि बायकोच्या नावाचं नवं कार्ड निघायचं. पण लोक लवकर येत नसत. दुःखात कार्ड कुणाला सुचतं? बाईमाणूस तर वर्षवर्ष उंबरा ओलांडत नसे. तोवर जुनं कार्ड कुणी दीर, कुणी पुतण्या घेऊन यायचा, म्हणायचा, तात्या आजारी आहेत. हे सुभेदारसाहेबांना खुपायचं. मी पडले हुशार. एसटीत, बाजारात कोण गेलं ते कानावर आलं की दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडून मी आपली लाल शाईनं लिहून टाकायची, घरचे येवोत न येवोत. सुभेदारसाहेबांनी एकदा सगळ्यांसमोर रजिस्टर उंच धरलं आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात काम. फौजीची लेक आहे." त्या कौतुकानं माझं डोकं फिरलं. मग मी मेलेली माणसं हुडकतच फिरायला लागले म्हणा ना.

त्या वर्षी आबांचे जिवाचे दोस्त तुकारामकाका गेले. शेजारच्याच गावचे, आबांच्याच पलटणीतले, दोघं एकाच दिवशी भरती झालेले. रानात काम करताना छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले. आबांबरोबर मीही तिसऱ्या दिवशी गेले होते. त्यांच्या बायकोला, इंदूकाकीला, धरून रडले. आणि सोमवारी कामावर जाऊन रजिस्टर उघडलं, तुकारामकाकांचं नाव काढलं आणि डोळे पुसत पुसत लिहिलं, मयत. अक्षर मात्र वळणदार. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं.

दोन महिन्यांत माझं लग्न ठरलं. मुलगा सांगलीला हळदीच्या पेढीवर, शांत, शिकलेला. बैठकीला त्यांचे मामा आले होते, आमच्याकडं अण्णा बोलायला. आबा भिंतीला टेकून बसलेले. मामा पान चघळत म्हणाले, "आमाला हुंडा नको, मानपान नको. पोरगी कॅन्टीनात हाय, बाप फौजी हाय. वऱ्हाडाची तेवढी येवस्था कॅन्टीनच्या मालात करा. आमच्याकडं लय मोठी मानसं येनार हायती, त्येंना बाजारातली चालत न्हाई." अण्णांनी आबांकडं बघितलंसुद्धा नाही. मांडीवर थाप मारून म्हणाले, "त्यात काय इचारताय? आमचा हवालदार हाय की!" मामांनी किती बाटल्या ते सांगितलं. तो आकडा आबांच्या सहा महिन्यांचा होता, आणि लग्नाला राहिला होता महिना. मी आतल्या दाराशी उभी होते. मला वाटलं, आबा आता बोलतील. पण भरल्या बैठकीत थोरल्या भावाचा शब्द खाली पाडायचा म्हणजे लेकीचं लग्न मोडायचं.

मग तो इस्त्रीचा शर्ट घालून आबा गावोगाव फिरले. जुन्या दोस्तांकडं जाऊन त्यांनी कार्डं आणि चिठ्ठ्या मागितल्या. ज्या माणसानं कधी कुणाकडं विडी मागितली नाही, त्यानं दारू मागितली, तीही न पिणाऱ्यानं. चार जणांनी दिली. तरी भरेना. इंदूकाकीकडं ते कार्ड मागायला गेले नव्हते, हे मला आईनं नंतर शपथेवर सांगितलं. ते लग्नाची पत्रिका द्यायला गेले होते. काकीनंच आतून कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. म्हणाली, "भावजी, माझ्याकडं सुमीला द्यायला दुसरं काय हाय? ह्येंनी तिला खांद्यावर खेळवलीया. ह्यो त्येंचा आहेर समजा." आबा नको म्हणाले, तर ती रडायला लागली. आहेर परत करत नाहीत आमच्याकडं. आणि आबांच्या मनात असंही आलं असेल, की अठरा वर्षं बर्फात उभं राहून तुकारामनं कमावलेलं आहे ते, मेला म्हणून दोन महिन्यांत सरकारचं कसं झालं? असं आलं असेल. मी विचारलं कधीच नाही.

त्या दिवशी गर्दी खूप होती, महिन्याचा पहिला आठवडा. रांग चिंचेपर्यंत गेलेली. आबा पुढं आले. "राम राम मॅडम," म्हणाले, पण आवाज बसलेला होता. रांग हसली. त्यांनी कार्डांची चळत टेबलावर ठेवली आणि मांडणीकडं बघत उभे राहिले. पहिलं त्यांचं स्वतःचं. खूण, शिक्का. दुसरं, चिठ्ठी, खूण, शिक्का. तिसरं, चौथं, पाचवं. सहावं उलटलं तर तुकारामकाका माझ्याकडं बघत होते. तरणे, मिशा पिळलेल्या, टोपी तिरकी. मी आबांकडं बघितलं. ते अजून मांडणीकडंच बघत होते, पण त्यांचा कान लाल झाला होता. मी ते कार्ड हळूच चळतीखाली सरकवलं, की परत देताना देऊन टाकू. आणि नेमके सुभेदारसाहेब माझ्या मागं उभे.

"ते कार्ड दाखव," ते म्हणाले. त्यांनी कार्ड बघितलं, रजिस्टर आपल्याकडं ओढलं, बोट फिरवत खाली आणलं आणि थांबवलं. लाल अक्षर दुरूनही दिसत होतं. "हे काय लिहिलंय? मयत. हे अक्षर तुझंच ना?"

आता सांगते, तेव्हा मला एक शब्द बोलता आला असता. चुकून लिहिलं साहेब, दुसऱ्या तुकारामचं होतं. ऐकीव बातमी होती साहेब. गावात दहा तुकाराम असतात, त्यांनी काय शोधलं असतं? निदान त्या वेळेपुरतं निभावलं असतं. पण मी कोण? फौजीची लेक. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "होय साहेब. माझंच."

आबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे हो. त्यांना ते लाल अक्षर माहीतच नव्हतं, आणि ते माझं आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. "साहेब," ते म्हणाले, "वहिनींनी स्वतः..." रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आयला, मेलेल्याची बी सोडंना व्हय रं ह्यो हवालदार!" आणि हशा पिकला. त्या आवारात आबांवर लोक पहिल्यांदाच हसले. सुभेदारसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यासमोर चाळीस माणसं बघत होती, आणि त्यांनाही आपलं नाव राखायचं होतं. ते म्हणाले, नियमाप्रमाणे दोन्ही कार्डं रद्द. तुकारामचं आणि ज्यानं आणलं त्याचं. मग माझ्या खणातली कात्री काढून माझ्यापुढं ठेवली. रद्द कार्डं कापायचं काम रजिस्टरवालीचंच असायचं. ते म्हणाले, "काप."

तुकारामकाकांचं कार्ड कसं कापलं मला आठवत नाही. आबांचं हातात घेतलं आणि कात्री पुठ्ठ्यावरून सरकायला लागली. तेव्हा आबा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "काप, सुमे. हात हलवू नगंस. सरळ काप." मी सरळ कापलं.

संध्याकाळी आम्ही एकाच एसटीनं घरी गेलो. मी सुटेपर्यंत आबा फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते, आत चिंचेखाली नाही. त्यांनी मला खिडकीची जागा दिली. लग्न झालं. उरलेली चार कार्डं आबांनी माल न घेताच ज्याची त्याला परत केली होती, म्हणून अण्णांनी बाजारातून बाटल्या आणल्या, आणि मामांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करून मांडवात विचारलं, "ही कॅन्टीनची हाय व्हय?" अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक काम सांगितलं हुतं ह्येला, एक! त्ये बी जमलं न्हाई." अहो, काम सांगितलं होतं कुणी? इंदूकाकी लग्नाला आली, खणाची ओटी भरली आणि माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माझ्यापायी झालं गं पोरी." सगळा दोष अख्ख्या गावानं तिच्या अंगावर ढकलला, आणि तिनं तो घेतलाही. कुणापायी झालं ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. सुभेदारसाहेबांपुढं जे ताठ उभं राहिलं होतं, ते कुठं गेलं होतं देव जाणे.

सासरी ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. सासूबाई हात उचलत नसत, पण जिभेनं सोलून काढायच्या. चहात साखर कमी पडली की, "कॅन्टीनातनं आणली का?" कुणी पाहुणा आला की, "हिच्या बापाला कॅन्टीनातनं हाकललाय, मेलेल्याच्या नावावर दारू काढत हुता म्हणं." नवरा पेपरात तोंड घालायचा. मी रात्री रडायची आणि सकाळी अंगण झाडायची, आबांसारखंच, कोपऱ्यापासून.

लग्नानंतर सहा महिन्यांनी आबा पहिल्यांदा सांगलीला आले. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. सासूबाईंच्या पुढं त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून चटईवर रांगेत मांडली. साबणाच्या वड्या, तेलाची बाटली, पावडरीचा डबा, चहाचा पुडा. सगळ्यांची तोंडं एका बाजूला. मग म्हणाले, "विहीनबाई, कॅन्टीनचा माल हाय. कार्ड मिळालं परत. गैरसमज झाला हुता, सायबांनी सोता बोलावून दिलं." सासूबाईंनी वडी हातात घेतली, वास घेतला, म्हणाल्या, "वास येगळाच असतो बाई कॅन्टीनच्या साबणाचा." आणि मला म्हणाल्या, "आत ठेव नीट." पहिल्यांदाच जरा नरम आवाजात.

मी स्वयंपाकघरात जाऊन वडी उलटी केली. कडेची ती बारीक ओळ नव्हती. दुसरी बघितली, तिसरी बघितली. डब्यावर नव्हती, पुड्यावर नव्हती. साताऱ्याच्या बाजारात, जिथं पेन्शन घ्यायला ते जायचे, तिथल्या कुठल्यातरी दुकानातून आबांनी ते पुऱ्या भावानं विकत आणलं होतं. माझ्या बापानं तोवर कधी खोटं सांगितल्याचं मला माहीत नाही. मी साबणाची वेष्टणं काढली, चहा बरणीत ओतला, डब्या-बाटलीवरचे कागद भिजवून सोलले आणि सगळे स्टोव्हजवळच्या शेगडीत जाळून टाकले. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याला येत होतं.

त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी आबा पिशवी घेऊन येत राहिले. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. चुलतसासूनं तर यादी करून द्यायला सुरुवात केली, आणि आबा ती यादी खिशात घालून न्यायचे. पेन्शन ती केवढी! घरी आईनं दोन लुगड्यांत ती वर्षं काढली, हे मला फार उशिरा कळलं. मी आबांना कधी म्हणाले नाही की आणू नका. म्हणायला पाहिजे होतं. पण त्या पिशवीमुळं माझे दोन-तीन महिने सुखाचे जायचे, आणि मी ते सुख घेत राहिले.

शेवटच्या खेपेला त्यांना धाप लागत होती. मी त्यांना सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेले. एसटी लागली होती. रिकाम्या पिशवीची त्यांनी चौकोनी घडी घातली आणि काखेत धरली. पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं न बघता म्हणाले, "सुमे, कागूद काढून टाकतीस न्हवं?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, की मी ओळखणार. मी तीन वर्षं त्या मालात काढली होती, माझ्यापासून ते लपणारच नव्हतं. अकरा वर्षं ते माझ्या भरवशावर खोटं बोलत होते.

"होय आबा," मी म्हणाले. "सगळे काढते."

"मग झालं," ते म्हणाले, आणि दांड्याला धरून वर चढले.